कानबाईच्या सोमवारची मुलाखत

जळगावच्या स्टेशनवर कोणी गाडीच्या तासभर आधी येऊन बाकावर बसलेला दिसला, की हमाल एकमेकांना म्हणत, "तोताराम आबांचा पाहुणा दिसतो." आबांच्या घरून गाडीला निघालेला माणूस इतका आधी स्टेशनवर पोचे, की पुष्कळदा आधीची गाडी त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जाई आणि तो आपला बसून राही.

आबा जिनिंग-प्रेसिंगच्या एका गिरणीत माल रवाना करायच्या कामावर होते. रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी बांधून झाल्या की त्या मालधक्क्यावर न्यायच्या, मालगाडीच्या वाघिणीत भरायच्या आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला हव्या त्या दिवशी पोचत्या करायच्या. ऐकायला सोपे वाटते. पण माल उशिरा पोचला तर व्यापारी बोल लावी, आणि लवकर पोचला तर तिकडच्या धक्क्यावर पडून राही आणि त्यावर दंड चढे. या दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेने आबांचे सारे आयुष्य चालले होते. त्यांच्या गाठी शेकडो वेळा मुंबईला गेल्या होत्या. ते स्वतः मात्र इगतपुरीच्या पुढे कधी गेले नव्हते.

गावात देवळातली वेळ एक असे, शाळेच्या घंटेची दुसरी आणि कचेरीची तिसरी. आबांच्या लेखी खरी वेळ एकच, ती स्टेशनवरची. रोज सकाळी फिरायला म्हणून ते स्टेशनवर जात, फलाटावरच्या मोठ्या घड्याळासमोर उभे राहून खिशातले घड्याळ मिळवून घेत आणि मगच गिरणीकडे वळत. त्यांची बायको तानुबाई म्हणे, "लग्नातसुद्धा हे मुहूर्ताच्या इतके आधी येऊन मांडवात बसले, की माझी हळद अजून वाटायची होती. माझा बाप घाबरला. म्हणाला, मुलाला दुसरीकडून कोणी हुसकावलं की काय."

आबांना मूलबाळ नव्हते. धाकटा भाऊ रुपचंद धुळ्याला जुन्या गावात राही. तो ऐन तिशीत गेला. पोटात आतडे अडकले होते. ते वेळेवर कापून मोकळे करणारा कोणी भेटला नाही, आणि दोन दिवस तळमळून तो गेला. मागे बायको भिकुबाई आणि एकुलता मुलगा कौतिक. त्या मुलाचे सारे आबांनी पाहिले. पोरगा हुशार निघाला, मुंबईला डॉक्टरीला गेला आणि सदतीस साली एम.बी.बी.एस. होऊन आला. जुन्या धुळ्यात त्या दिवशी भिकुबाईने ओळखीअनोळखीच्या सगळ्यांना गूळ वाटला.

पण परीक्षा पास झाली म्हणजे हातात कला आली असे नाही. शस्त्रक्रिया शिकायची तर मोठ्या इस्पितळात हाऊस सर्जन म्हणून राहायला हवे. दिवसरात्र तिथेच राहायचे आणि मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली चाकू धरायला शिकायचे. अशा जागा मोजक्या, आणि त्यासाठी मुलाखत. जागा मिळाली नाही तर तापखोकल्याच्या बाटल्या भरत बसायचे. कौतिक हे फारसे बोलून दाखवत नसे. एकदाच आबांना म्हणाला होता, "आबा, वडिलांना जे झालं होतं ते अर्ध्या तासाचं काम असतं. मी पाहिलंय. मला ते करता आलं पाहिजे." त्या दिवसापासून त्या मुलाखतीची काळजी त्याच्यापेक्षा आबांनाच जास्त लागली.

श्रावणाच्या तोंडावर दोन बोलावणी आली. एक मुंबईच्या मोठ्या म्युनिसिपल इस्पितळाचे, दुसरे पुण्याच्या एका लहान इस्पितळाचे. दोन्हीकडे मुलाखत एकाच दिवशी, सोमवारी सकाळी अकराला.

कौतिक जळगावला आला. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी दोन्ही कागद गुडघ्यावर ठेवले आणि बराच वेळ पाहिले.

"कोणता हवाय?" त्यांनी विचारले.

"मुंबईचा. तिथे शस्त्रक्रियेचं काम भरपूर आहे. पुण्याला त्या मानानं कमी. पण काहीच नसण्यापेक्षा पुणं बरं. मी म्हणतो, मुंबईला लिहून दिवस बदलून मागावा, मोठी जागा आहे, त्यांना काय…"

"चुकलास," आबा म्हणाले. "ज्याची गरज आपल्याला, त्याला तारीख बदल म्हणायचं नाही. ज्याला आपली गरज, त्याला म्हणायचं. मुंबईच्या दारात तुझ्यासारखे किती?"

"पन्नास तरी असतील."

"आणि पुण्याच्या?"

"चार-पाच."

"मग पुण्याला लिही. बुधवार माग. मुंबईवाले निकाल कधी सांगतात?"

"त्याच दिवशी संध्याकाळी नावं लावतात."

"झालं तर. मुंबईचं काय ते सोमवारी कळलं. मिळालं तर पुण्याला मंगळवारी तार करायची, की येत नाही, म्हणजे त्यांचाही खोळंबा नको. नाही मिळालं तर मंगळवारी निघून बुधवारी पुणं. आता मुंबईची गाडी. अकराला इस्पितळात, म्हणजे दहाला दारात, म्हणजे…"

"आबा, मुंबईतलं घड्याळ जरा…"

"घड्याळाचं मी पाहतो. तू तुझी पुस्तकं पाहा."

कौतिक हसला आणि पुस्तक उघडून बसला. आबांना मधेच तोडणे घरात कोणाला जमत नसे. आणि आबांच्या हिशेबाने माणूस आधीच पोचतो, उशिरा नाही, हे त्याला ठाऊक होते.

पुण्याचे उत्तर आठवड्यात आले. बुधवार मंजूर. आबा खूश झाले. त्यांनी ठरवले, कौतिकने शनिवारीच मुंबई गाठायची, रविवारी आराम करायचा, सोमवारी ताज्या डोक्याने मुलाखतीला जायचे. हे सांगायला ते तानुबाईंना घेऊन धुळ्याला गेले, आणि तिथे सगळे अडले.

कारण तो रविवार कानबाईचा होता.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई ही देवी बसते. रुपचंदच्या घरी सगळ्या भाऊबंदांची एकच कानबाई, आणि तिचे रोट. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, ते घरच्या जात्यावर दळायचे, त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, उंबऱ्याबाहेर न्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे.

भिकुबाई थोरल्या दिरासमोर उभी राहून बोलत नसे. ती दाराआड उभी राहिली आणि तानुबाईंकडे तोंड करून, पण आबांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अक्का, तेना गहू मी कालदिन मोजी टाकात. आते तो नही म्हणजे तेना रोट कोण खाई?"

"तिला सांग," आबा तानुबाईंना म्हणाले, "मुलाखत सोमवारी आहे."

"सोमवारी शे ना? रविवारी ते नही ना?"

"तिला सांग, गाडीचा भरवसा नसतो."

"गाडी ते रोज शे, अक्का. कानबाई माय वरीसमा एकदाव येस. बठ्ठा भाऊबंद येतीन, आनि मना कौतिकच नही?"

तानुबाई दोघांच्या मधे बसून वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं समोरासमोर बोला. माझी मान दुखायला लागली."

कौतिक कोपऱ्यात जात्याचा खुंटा ठोकून बसवत होता. आबांनी त्याच्याकडे पाहिले. "तुझं काय?"

"तुमचं दोघांचं ठरलं की मला सांगा," तो म्हणाला.

आबांनी बराच वेळ घड्याळाची साखळी बोटाला गुंडाळली. रविवारी संध्याकाळी नैवेद्य झाला की लगेच धुळ्याची गाडी धरायची, चाळीसगावला उतरायचे, तिथून रात्रीची मुंबई मेल. सकाळी सातच्या सुमाराला मुंबई. अकराला अजून चार तास. हिशेब बसत होता, पण एक अख्खा दिवस हातातून जात होता. आबांनी जन्मात असा माल रवाना केला नव्हता. पण दाराआडून भिकुबाईच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता. ती उत्तराची वाट पाहत होती, आणि रुपचंदच्या मागे तिने आबांकडे काही म्हणजे काही मागितले नव्हते.

"बरं," आबा म्हणाले. "रविवारी संध्याकाळी. पण नैवेद्य वेळेवर."

"देवीले काय गाडी धरनी शे का?" दाराआडून उत्तर आले. पण आवाजात हसू होते.

रविवारी घर गजबजून गेले. चौरंगावर कानबाई बसली, नारळाला नथ घातली, पुरणाचे दिवे लागले. गंगाफळाची भाजी, खीर, रोट. आबा उंबऱ्यापाशी घड्याळ हातात घेऊन उभे. एक म्हातारे भाऊबंद म्हणाले, "तोता, बस रे. तू असा उभा राहिलास की कानबाईलाच वाटेल, आपलं विसर्जन आजच आहे."

नैवेद्याला उशीर झालाच. कौतिक जेवायला बसला तेव्हा आबा त्याच्या डोक्यावर उभे. त्याने अर्धा रोट खाल्ला असेल नसेल, आबा म्हणाले, "उठ."

"आबा, अर्धा राहिला."

"राहू दे. टांगा उभा आहे."

भिकुबाईने उरलेला अर्धा रोट कोऱ्या फडक्यात गुंडाळून देवीजवळ ठेवला. "येशी तवय खाय," ती म्हणाली. "तुनाच शे."

गाडी मिळाली. आबा स्टेशनवरून परतले आणि रात्रभर जागरणाच्या गाण्यांत बसले, पण त्यांचे लक्ष गाण्यांत नव्हते. आता चाळीसगाव आले असेल. आता मनमाड. पहाटे पाऊस कोसळला, तेव्हा ते उठून अंगणात आले आणि उगाचच पश्चिमेकडे पाहत उभे राहिले.

सोमवारी दिवस उगवताच पांझरा नदीवर कानबाईला निरोप दिला आणि आबा ओल्या धोतरानेच गाडीला निघाले. मंगळवारी गिरणीचा माल जायचा होता. तानुबाई रोट संपेपर्यंत धुळ्यालाच राहिल्या.

चाळीसगावला गाडी बदलायची होती. आबांनी सवयीने असिस्टंट मास्तरांना विचारले, "काय रावसाहेब, रात्रीची मेल वेळेवर गेली?"

"इथून वेळेवर गेली," ते म्हणाले. "पण घाटात दरड आली. रात्रभर इगतपुरीला उभी होती. आत्ता कुठे सुटली म्हणतात. मुंबईला पोचायला अकराच्या पुढेच होईल."

आबा खाली बसले. फलाटावरच, पोत्याच्या थप्पीवर. मास्तरांनी पाणी मागवले.

अकराच्या पुढे. आणि मुलाखत अकराला. पन्नास उमेदवार असताना एका धुळ्याच्या पोरासाठी कोण थांबणार होते? आबांना देवीचा राग आला नाही, भिकुबाईचाही नाही. आपलाच आला. एकदाच नियम सोडला, आणि तोही नेमका इथे. शनिवारी गेला असता तर आत्ता पोरगा न्हाऊनधुऊन इस्पितळाच्या बाकावर बसला असता. त्यांच्या डोळ्यांपुढे रुपचंद आला, पोट धरून खाटेवर वळवळणारा.

मग ते उठले. माल अडकला तर रडत बसायचे नसते, घेणाऱ्याला आधी कळवायचे असते. त्यांनी तारखात्यात जाऊन इस्पितळाच्या सेक्रेटरीच्या नावाने जरुरीची तार केली. गिरणीच्या तारांचे इंग्रजी त्यांना येत होते, तेच वापरले: घाटात गाडी लेट, उमेदवार डॉक्टर कौतिक येत आहे, कृपया थांबावे. खाली नाव तोताराम, जळगाव. व्यापाऱ्याला करायच्या तारेत ते उमेदवाराच्या जागी फक्त 'माल' लिहीत.

तो दिवस आणि ती रात्र आबांनी जळगावच्या घरात एकट्याने काढली. चूल पेटवली नाही. शेजारची कुंदाबाई भाकरी घेऊन आली, तर म्हणाले, "कानबाईचं पोटभर झालं." बाई म्हणाली, "तोंड तर उपाशासारखं दिसतं." कौतिकची तार येईल म्हणून आबा दारावरच्या प्रत्येक पावलाला उठले. तार आली नाही. याचा अर्थ त्यांनी आपल्या मनाने लावला. वाईट बातमी पोरगा तारेने कशाला कळवील?

मंगळवारी सकाळी ते नेहमीप्रमाणे स्टेशनवर गेले. फलाटावरच्या घड्याळासमोर उभे राहिले, खिशातले घड्याळ काढले, पण ते मिळवावेसे वाटेना. मुंबईहून आलेली गाडी लागली होती. माणसे उतरत होती.

"आबा, किती वाजले?"

मागे कौतिक उभा होता. कोट चुरगळलेला, दाढी वाढलेली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हते, कारण तो आबांच्या चेहऱ्याकडे पाहून गोंधळला होता.

"चूक माझी आहे," आबा म्हणाले. "शनिवारीच धाडायला हवं होतं. पण पुणं आहे अजून. इथून आत्ता निघालास तर…"

"पुण्याला मी कालच तार केली, येत नाही म्हणून."

"का?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना? मुंबईचं मिळालं तर पुण्याचा खोळंबा करायचा नाही."

आबा त्याच्याकडे पाहत राहिले. हमाल "बाजू, बाजू" करत गेला तरी ते हलले नाहीत.

"मिळालं?"

"मिळालं. शस्त्रक्रियेकडेच. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय."

"पण गाडी तर अकराच्या पुढे पोचली."

"पाच मिनिटं पुढे."

"आणि मुलाखत अकराला."

"अकरालाच झाली. मी तर दहा मिनिटं आधी जाऊन बसलो होतो."

आबांनी आधी फलाटावरच्या घड्याळाकडे पाहिले, मग हातातल्या, मग पुतण्याकडे. कौतिकला आता हसू आवरेना. त्याने आबांना बाकावर बसवले.

"आबा, मुंबईत दोन वेळा आहेत. रेल्वेची ही अशी, आपल्या इथली. आणि म्युनिसिपालिटीची मुंबईची जुनी वेळ, ती हिच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे. इस्पितळ म्युनिसिपालिटीचं. स्टेशनवर अकरा वाजून गेले तेव्हा तिथल्या भिंतीवर साडेदहासुद्धा झाले नव्हते."

"एकाच गावात दोन?"

"एकाच गावात. मी त्या दिवशी सांगतच होतो. तुम्ही म्हणालात, घड्याळाचं मी पाहतो."

आबांना ते आठवले. मग त्यांनी विचारले, "तार पोचली का रे?"

"पोचली ना. मी आत जाऊन उभा राहिलो. समोर तीन मोठे डॉक्टर. पहिला प्रश्न विचारणार, तेवढ्यात शिपाई तार घेऊन आला. मधल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी वाचली, चष्मा काढला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, 'डॉक्टर, या तारेप्रमाणे तुम्ही अजून आलेला नाहीत. तुमच्यासाठी थांबायला सांगितलंय. काय करू?'"

"अरे देवा," आबा म्हणाले.

"मग विचारलं, हे तोताराम कोण? मी सांगितलं. काय करतात, तेही सांगितलं. मग आतड्याची अडकण कशी ओळखायची, किती वेळात उघडावं लागतं, उशीर झाला तर काय होतं, हेच विचारत बसले. ते तर मला झोपेतही येतं. जाताना म्हणाले, तुमच्या काकांना सांगा, उमेदवार चांगल्या स्थितीत पोचला."

आबांनी उपरण्याने तोंड पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

"मला तार का नाही केलीस?"

"आईला केली. तुम्हाला म्हटलं, तारेच्या आधी मीच पोचतो. तुम्ही सकाळी इथे असणार, हे तर माहीतच होतं."

म्हणजे काल रात्री जुन्या धुळ्यात सगळे भाऊबंद आनंदात होते, आणि इथे आपण चूल न पेटवता बसलो होतो. आबांना हे कळले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा ते हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. ओळखीचा एक हमाल थांबून पाहू लागला. आबांना फलाटावर हसताना त्याने कधी पाहिले नव्हते.

"म्हणजे तिथे माझं हे घड्याळ चुकीचं?" आबांनी हसू ओसरल्यावर विचारले.

"स्टेशनात बरोबर. बाहेर पडलं की चुकीचं."

"व्यापाऱ्यांनी बत्तीस वर्षांत कधी सांगितलं नाही."

"गाठींना कुठं अकराला बोलावतात, आबा?"

गिरणीत जाऊन आबांनी त्या दिवसाचा माल रवाना केला आणि दुपारची सुटी मागून घेतली. मालकाला नवल वाटले, पण कारण कळल्यावर त्याने पेढे मागितले. धुळ्याला जायचेच होते. कौतिकचा अर्धा रोट देवीजवळ फडक्यात होता. तो त्यानेच खायचा होता, आणि पौर्णिमा जवळ आली होती.

"गाडी कितीला?" कौतिकने विचारले.

"साडेचारला. तीनला निघू."

"आबा."

"बरं, सव्वातीनला."

साडेतीनला दोघे स्टेशनवर येऊन बाकावर बसले. कौतिकने वर्तमानपत्र उघडले. आबांनी घड्याळ काढून पाहिले, खिशात ठेवले, पाय लांब केले, टोपी डोळ्यांवर ओढली. रविवारच्या जागरणापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मधे एक मालगाडी धडधडत गेली, एक प्रवासी गाडी येऊन गेली, फेरीवाले केळी केळी ओरडत राहिले.

घंटा झाली तेव्हा कौतिकने वर्तमानपत्र मिटले आणि पाहिले. आबा तोंड उघडे टाकून गाढ झोपले होते. लांबून धूर दिसत होता. त्याने आणखी थोडा वेळ जाऊ दिला. इंजिन फलाटाशी आले तेव्हा त्यांच्या खांद्याला हळूच हात लावला.

"आबा, उठा. गाडी आली."